पासबुकातला अकामा

माझ्या पीएचडीचा विषय परदेशात विनाकागद होणारे कामगार. तो सांगितला की जळगावात समोरचा आधी विचारतो, ‘म्हणजे ते डंकीवाले, चोरवाटेने अमेरिकेत शिरणारे का?’ ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ जणांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते, तेव्हापासून तर हमखास. पण मी ज्यांच्याशी बोलते त्यांच्यापैकी कुणी जंगल तुडवलेलं नाही की कुंपणावर चढलेलं नाही. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातले हे गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, एसी दुरुस्त करणारे. मुंबईहून रीतसर विमानात बसले, सौदीत रीतसर शिक्का मारून उतरले, आणि मग त्याच साइटवर, त्याच खोलीत राहता राहता कधीतरी विनाकागद झाले.

हे नेमकं कधी घडलं, ते मी शोधते. विचारून कळत नाही. गडी माणूस हसून विषय बदलतो, चहा मागवतो, केळीच्या भावावर येतो. घरची बाई मात्र पेटीतून पासबुक काढते.

सौदीत अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की बँकेचे व्यवहार अडतात आणि पैसे पाठवणारी दुकानंही दारातूनच परत पाठवतात. इकडे खात्यावर त्याचा परिणाम लगेच दिसतो. दर महिन्याला नवऱ्याच्या नावाने येणारी रक्कम एखाद्या महिन्यात येतच नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या नावाने येते. तो खोलीतला सोबती असतो, बिहारचा नाहीतर तेलंगणाचा. आणखी काही महिन्यांनी तेही थांबतं आणि हुंडीचा, म्हणजे बँकेबाहेरून दलालाकरवी पैसे पोचवण्याचा मार्ग सुरू होतो. पासबुक कोरं, घरावर मात्र स्लॅब पडलेला. सरकारी कुठल्याच कागदात न सापडणारी तारीख मला तिथे सापडते.

यावलकडच्या एका गवंड्याचं असंच झालं. त्याच्या ठेकेदाराने अकामा वाढवलाच नाही. सौदीच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमानुसार अकामा आणि कामाचा परवाना काढायचा, वाढवायचा, उशीर झाला तर दंडही भरायचा, हे सगळं मालकाच्या खर्चाने. पण २०१८ पासून परदेशी कामगारामागे महिन्याला ३०० ते ४०० रियाल शुल्क लागलं, २०२० पर्यंत ते ७०० ते ८०० वर गेलं. मालकाने हात वर केले. पैसे बुडवले मालकाने आणि रस्त्यावर पोलीस दिसला की गल्लीत शिरायची पाळी आली गवंड्यावर. तो मला अहिराणीत म्हणाला, ‘मी तठेच व्हतू, ताई. कागद मरी गया.’

बरं, परत यावं म्हटलं तरी २०२१ पर्यंत बाहेर पडायचा शिक्का मालकानेच काढून द्यायचा असे. त्याने दिला नाही तर वकिलातीचे हेलपाटे, नाहीतर तरहील, म्हणजे हद्दपारीच्या आधी डांबतात ती जागा. त्यात मालकाने ‘हुरूब’ टाकला, म्हणजे माणूस कामावरून पळाला अशी नोंद केली, की संपलं. पगार मागितला म्हणून हुरूब टाकल्याच्या कहाण्या मी इतक्या ऐकल्यात की आता वहीत त्यासाठी नुसतं एक अक्षर लिहिते. ऊसतोडीला जाणारे म्हणतात, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिकडचा मालक, आपला मुकादमच की! उचल, कर्ज, दमदाटी, सगळं जुळतं. पण मुकादम कितीही माजला तरी त्याला तुमचं त्या मातीवर उभं राहणंच गुन्हा ठरवता येत नाही.

‘आझाद व्हिसा’वाल्यांचं आणखी निराळं. कागदावर कफील एक, काम दुसरीकडे, आणि कफीलला वर्षाला ठरलेली रक्कम. अकामा जिवंत, राहणं कायदेशीर, काम बेकायदा. याला मी कुठल्या रकान्यात घालू?

आपल्या बाजूचा गुंता तर वेगळाच. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे ‘परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. अशा माणसाला कामासाठी १८ ठरावीक देशांत जायचं तर १९८३ च्या कायद्याखाली परवानगी लागते, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद लागते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. गावातला सब-एजंट लाखाच्या वर घेतो आणि दुबईच्या व्हिजिट व्हिसावर पाठवून देतो. आपल्या सरकारच्या लेखी तो फिरायला गेलेला पर्यटक. सेंट्रिंगचं काम करणारा पर्यटक!

मध्यंतरी एका बैठकीत मला विचारलं गेलं, नमुन्यात बेकायदेशीर किती टक्के? मी टेबलावर प्रत्येकाची एकेक पट्टी पसरली. वरच्या ओळीत तारखा, खाली दर्जा. एकाच माणसाच्या पट्टीवर वैध, अर्धवट वैध, फरार, माफीच्या मुदतीत अर्ज केलेला, पुन्हा वैध, असे सगळे रंग. २०१७ च्या मार्चमध्ये सौदीने माफी जाहीर केली तेव्हा काही जण दंड न भरता सुटले आणि पुढे नव्या व्हिसावर परत गेले. टक्केवारी काढायची तर कुठल्या दिवसाची काढू? पट्ट्या बघून एका सरांनी चष्मा पुसला आणि ‘पुढे’ म्हणाले. मी पुढे गेले.

अमेरिकेचं प्रकरण माझ्या अभ्यासात नाही, पण नातेवाईक सोडत नाहीत. आत्याचा नातू न्यू जर्सीत. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटली म्हणून घरात रडारड. व्हिसाची तारीख फक्त देशाच्या दारापुरती असते, किती राहायचं ते आय-९४ वर, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या नोंदीवर ठरतं, हे समजावताना माझा घसा बसला. तिथलेही नियम चमत्कारिकच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. सीमा ओलांडून आलेल्याने आश्रयाचा अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत त्याला कामाचा परवाना मिळू शकतो. १९९६ चा कायदा तर सांगतो, सलग १८० दिवसांहून जास्त विनापरवाना राहून देश सोडलात तर ३ वर्षं आत यायला बंदी, वर्ष भरलं असेल तर १० वर्षं. मग कोण कशाला बाहेर पडेल? चूक दुरुस्त करायला निघालेल्यालाच हा कायदा आत डांबतो.

आणि एक गोष्ट मला खुपते, ती सांगूनच टाकते. न्यू जर्सीतल्या पोराची मुदत चुकली तर अख्खं घर वकील शोधतं. सौदीतल्या गवंड्याची चुकली तर त्याच गल्लीतले लोक म्हणतात, गेलाच कशाला?

सध्या शिरपूरकडच्या घरांचं काम चालू आहे. गाव, वय, धंदा मी वहीत मुद्दाम फिरवून लिहिते. नावं लिहीतच नाही, सह्याही घेत नाही. संमती तोंडी, ती बाईपुढेच मोठ्याने वाचून. यातले काही जण पुन्हा तिकडेच जाणार आहेत आणि माझी वही कुणाच्याही हाती लागू शकते.

तुमच्या ओळखीत आखातातून परतलेलं कुणी असेल आणि बोलायची तयारी असेल, तर माझा निरोप द्या. पासबुकाचे फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मागच्या लेखानंतर दोघांनी पाठवले, ते मी लगेच पुसून टाकले. मीच घरी येईन. दुपारी दोननंतर, बायांची कामं उरकल्यावर.