औलीचा बर्फ आणि आमची आई

आज आईनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फाला हात लावला. वय 68.

उत्तराखंडातली औली. जोशीमठहून गाडीनं वर आलो. ठिकाण छोटंसंच, पण लेकराबाळांना घेऊन यावं असं. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथं झाल्या होत्या, आणि आज तिथंच आमची आठ वर्षांची पोरगी स्की बांधून उभी! शिकवणाऱ्या पोरानं तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली: पुढची टोकं जवळ, टाचा लांब. पाय असे ठेवले की घसरण्याचा वेग आपोआप कमी होतो. सात-आठदा पडली. मग एकदा खालपर्यंत न पडता गेली, थांबली, आणि पहिल्यांदा वळून बघितलं ते आजीकडं.

आजी कुठं बघत होती! साडीवर माझं जॅकेट घालून खाली बसलेली. हातमोजा काढून मूठभर बर्फ घेतला आणि सरकी काढताना कापूस पिंजतात तसा बोटांनी मोकळा केला.

"पाणीच की गं माय हे सगळं."

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर आमचं. टँकरपुढं घागरी लावून तिनं रात्री काढल्यात. हा बर्फ वितळून खाली अलकनंदेला मिळतो, असं मी सांगितलं. समोर 7,816 मीटरची नंदादेवी स्वच्छ दिसत होती. बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

मूठ उघडली तेव्हा तळव्यावर नुसतं पाणी होतं. तिनं ते झटकलं नाही, डोळ्यांना लावलं.