अनुवादाला प्रात्यक्षिकाचे तास मिळवताना: माझा अनुभव

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ‘इंग्रजी व अनुवाद अभ्यास’ या एम.ए.चा आराखडा बसवायचं काम माझ्याकडे होतं. साहित्याचे पेपर, संशोधन पद्धती, इलेक्टिव्ह हे सगळं अभ्यास मंडळात एका बैठकीत मार्गी लागलं. अडलं ते पुढे, एका रकान्यात, आणि तो राग अजून गेलेला नाही.

विद्या परिषदेपुढे विषय जाण्याआधी आराखडा एका कार्यालयात तपासला जातो. तिथल्या नमुन्यात प्रत्येक कोर्ससमोर थिअरी आणि प्रात्यक्षिक असे दोन रकाने आहेत. ‘अनुवाद कार्यशाळा’ या चार क्रेडिटच्या कोर्ससमोर आम्ही दोन आणि दोन असं भरलं होतं. फाईल परत आली. शेरा होता, ‘भाषा विषयास प्रात्यक्षिक अनुज्ञेय नाही.’

ऐकायला किरकोळ वाटेल, पण हिशेब मांडून बघा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. दोन-दोन धरले तर ९० तास हातात येतात. चारही थिअरीत टाकले तर ६०. कमी झालेले ३० तास म्हणजे मुलांनी स्वतः खर्डा करायचा, एकमेकांचा तपासायचा आणि पुन्हा लिहायचा, ते तास. मग उरतं ते भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसनने १९५९ मध्ये सांगितलेले अनुवादाचे तीन प्रकार आणि अनुवादाचा अभ्यासक जेम्स होम्सने १९७२ मध्ये केलेली या विषयाची आखणी. ते हवंच, मी आवडीने शिकवते. पण त्यावर टिपा लिहून कुणी अनुवादक होत नाही.

मग सुरू झाले हेलपाटे. साहेब मीटिंगमध्ये. नमुना बदलता येत नाही. कोर्स कोड चुकीच्या जागी आहे, पुन्हा टाइप करून आणा. प्रत्येक वेळी टेबलामागे नवा माणूस, आणि मूळ मुद्दा पहिल्यापासून सांगायचा. एकाने विचारलं, ‘मॅडम, केमिस्ट्रीला लॅब असते, तुमच्याकडे काय आहे?’

पुढच्या वेळी मी उत्तर हातात घेऊनच गेले. एका विद्यार्थिनीने हॉस्पिटलच्या इंग्रजी संमतीपत्राचा मराठी अनुवाद केला होता, त्याचे तीन खर्डे टेबलावर पसरले. पहिल्यात शस्त्रक्रियेतला धोका पेशंटला आहे की डॉक्टरला, हेच वाक्यातून कळत नव्हतं. दुसऱ्यात ते कळत होतं, पण वाक्य इतकं लांब की नातेवाईक सही करून मोकळे होतील, वाचणार नाहीत. तिसरा खर्डा तिने आजीला वाचून दाखवला होता आणि आजी जिथे जिथे अडली तिथे लाल पेनाने खूण केली होती. सोलापुरात विजयपूर, कलबुर्गीकडूनही पेशंट येतात. तेच पत्र कन्नडमध्येही लागतं. हे काम व्याख्यान देऊन कसं शिकवणार, असं मी विचारलं. समोरच्याने तिन्ही कागद नीट वाचले. त्या कार्यालयात कुणी काही वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तरी फाईल हलली ती नियमाने. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात स्टुडिओतलं काम, इंटर्नशिप, क्षेत्रकार्य यांच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेत, आणि ही सवलत फक्त विज्ञानाला असं कुठेही म्हटलेलं नाही. आमचा कोर्स पदव्युत्तर असला तरी क्रेडिटचं गणित तेच. ते पान आणि बाहेरच्या तज्ज्ञ सदस्याचं पत्र जोडलं. म्हणून सांगते, शेरा तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. लेखी शेऱ्यालाच लेखी उत्तर देता येतं. आणि वर्कलोडचा, म्हणजे कोणता शिक्षक किती तास घेणार याचा, तक्ता सोबत ठेवा, कारण खरी धास्ती बहुतेक वेळा वाढणाऱ्या तासांची असते.

मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा मला फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

एक राहिलंच. दुसऱ्या सत्रातल्या ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण) चार क्रेडिट म्हणजे १२० तास. हॉस्पिटलं, वकिलांची ऑफिसं, टॉवेल निर्यात करणारे कारखाने यांच्याकडून मुलांना कामाला घेण्याच्या होकाराची पत्रं आराखडा पाठवायच्या आधीच गोळा करा, नंतर कुणी फोन उचलत नाही. इलेक्टिव्ह ठरवताना वर्गाकडे बघा. आमच्याकडे अक्कलकोट भागातली कन्नड बोलणारी मुलं आहेत, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आहेत. सोलापूरचे संतकवी सिद्धरामेश्वर यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, मूळ कन्नडातली. ती आमच्या कार्यशाळेत कन्नडातून मराठीत आणि मग इंग्रजीत येतात, आणि तेव्हा एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं इतरांना समजावून सांगतात. खर्ड्यांच्या फाईलला किती गुण, हेही आराखड्यातच लिहून टाका. आम्ही लिहिलं होतं, म्हणून परीक्षा विभागात पुन्हा वाद झाला नाही.