दिवसभर घरी, आणि टाकीत पाणी कमी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला घेतलं. प्रश्न साधारण असा असतो: नोकरी वेळेआधी सोडलीत, आता दिवसभर घरीच असता, पाऊस नाही, उन्हाळा सरत नाही, नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी. मग दिवस जातो कसा आणि पाणी पुरतं कसं?

दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. पाणी वाचवायचे बहुतेक चांगले उपाय वेळखाऊ असतात. सकाळी आठला घर सोडणाऱ्याला ते ठाऊक असूनही जमत नाहीत. घरी असलेल्याला जमतात. पण आधी एक गोष्ट कबूल करायला हवी, ती म्हणजे माणूस घरी राहायला लागला की घराचा पाणीवापर वाढतो. पूर्वी आठ-दहा तासांचं संडास, हात धुणं, चहापाणी कामाच्या ठिकाणच्या टाकीतून व्हायचं. जुना फ्लश एका वेळी ९ लिटर किंवा त्याहून जास्त सोडतो. दिवसाला चार वेळा जास्त म्हणजे ३६ लिटर, दोन मोठ्या बादल्या. ‘हल्ली पाणी पुरेनासं झालंय’ याचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. लाकडाची सरळ काठी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि टाकीत उभी बुडवून ओली रेघ वाचा. गोल टाकीचा आतला व्यास १ मीटर असेल तर पाण्याची पातळी १ सेंटिमीटरने उतरणं म्हणजे जवळजवळ ८ लिटर खर्च. चौकोनी हौद १ मीटर बाय १ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे बरोबर १० लिटर. रोज सकाळी त्याच वेळी वाचन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आठवडाभरात घराचा खरा आकडा समोर येतो, आणि पुढचं पाणी येईपर्यंत रोज किती सेंटिमीटर वापरता येतील ते ठरवता येतं. अंदाजाने काटकसर करणारी घरं पहिल्या दिवशी जपून वापरतात आणि शेवटच्या दिवशी कोरडी पडतात.

रात्री झोपताना वाचन घ्या आणि पहाटे कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा घ्या. रेघ खाली गेली असेल तर गळती आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर पेला ठेवा. पाव लिटर जमलं तर दिवसाला ६ लिटर जातंय. त्यावर नवा वायसर हा उपाय, दहा मिनिटांचं काम. फ्लशची गळती मात्र आवाज करत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश ओढू नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर बसत नाहीये. आधी ते काढून त्यावरचा क्षाराचा थर घासा. कडक झालेलं असेल तर बदलाच. दर फ्लशला पाणी कमी जावं म्हणून टाकीत वीट टाकण्याची चाल आहे, ती सोडून द्या. वीट झिजत जाते आणि तिची रेव त्याच रबराखाली अडकते. पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली टाकीच्या कोपऱ्यात उभी करा, आतल्या तरंगत्या गोळ्याच्या आड येणार नाही अशी.

वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरायचं तर कुठलं पाणी कुठे, हे ठरलेलं असावं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. कपड्यांचं शेवटच्या खळबळीचं पाणी फरशीला किंवा संडासाला. संडासात ते पाच-सहा लिटर एका दमात, थेट भांड्यात ओतायचं. फ्लशच्या टाकीत भरलं तर आतले भाग मळाने धरतात. पहिल्या धुण्याचं साबणाचं पाणी मातीत घालू नका, त्यातल्या सोडियमने माती घट्ट होऊन पाणी पीत नाही. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशीला चांगलं, पण रोज त्याच कुंडीला दिलं तर क्षार साठतात. आणि कुठलंही वापरलेलं पाणी एका दिवसाच्या वर ठेवायचं नाही, कुजून वास मारतं.

आता झाडं, कारण उन्हाळ्यात घरी असलेल्या माणसाचा जीव तिथेच अडकतो. क्रम ठरवा: दोन-तीन वर्षांच्या आत लावलेली झाडं पहिली, कुंड्या त्यानंतर, हिरवळ सगळ्यात शेवटी. हिरवळ पिवळी पडली तरी मुळं जिवंत असली की पावसावर पुष्कळदा परत फुटते. कोवळं झाड मेलं की ती वर्षं गेली. त्याला रोज एक तांब्या पाणी घालणं ही सगळ्यात मोठी चूक. तेवढ्या पाण्याने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती भिजते, दुपारपर्यंत वाळते आणि मुळं ओलीच्या शोधात वर येतात. त्यापेक्षा जुन्या बादलीच्या तळाला बारीक खिळ्याने एक भोक पाडा, बादली खोडापासून जरा दूर, फांद्यांच्या टोकाखाली ठेवा आणि आठवड्यातून एकदा १५ लिटर भरा. पाणी संथपणे खोल जातं. पुढच्या आठवड्यात बादली दुसऱ्या बाजूला सरकवा. भोक मातीने बुजतं, म्हणून बादली दोन पातळ चिपांवर ठेवा. आळ्यात पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन हवंच, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

कुंड्यांची फसगत वेगळी असते. माती पार सुकली की ती आक्रसते आणि पाणी धरेनाशी होते. वरून ओतलेलं पाणी मातीचा गड्डा आणि कुंडीची कड यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली जातं. ताटली भरते, आणि आपल्याला वाटतं झाड भरपूर प्यालं. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरही हलकी लागली तर आत कोरडंच आहे. मग बादलीत पाणी घेऊन कुंडी त्यात सावकाश बुडवा, पाणी कुंडीच्या काठाच्या दोन बोटं खाली राहील इतकं. आधी भराभर बुडबुडे येतात, मग एखाद-दुसरा, मग थांबतात. अर्ध्या तासाने मातीचा रंग वरपर्यंत गडद झालेला दिसेल. कुंडी काढून बादलीवर निथळत धरा आणि त्याच पाण्यात पुढची कुंडी बुडवा. कीड किंवा मूळकुज असलेली कुंडी शेवटी घ्या. या दिवसांत खत देऊ नका, छाटणीही नको. दोन्हींनी नवी पालवी फुटते, आणि तिला पाजायला पाणी नसतं.

हे सगळं पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंत. ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. दुपार बसून करायच्या कामांची, कागदपत्रांची, वाचनाची. खर्चाचं एवढंच सांगतो की वीज आणि पाण्याचा उन्हाळी खर्च त्या दोन-तीन महिन्यांत न पाहता बारा महिन्यांवर पसरून धरावा, नाहीतर दर उन्हाळ्यात नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप होतो.

एका ठिकाणी मात्र काटकसर करायची नाही, ते म्हणजे पिण्याचं पाणी. हे मी जोर देऊन सांगतो, कारण पाणी वाचवायची सवय लागली की माणसं नकळत पितातही कमी. त्यात वय वाढेल तशी तहान उशिरा लागते. तहानेवर विसंबू नका, लघवीचा रंग बघा. गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय. दिवसाचं पिण्याचं पाणी सकाळीच वेगळ्या भांड्यात काढा आणि संध्याकाळपर्यंत ते संपलंच पाहिजे असं धरा. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर किती प्यायचं ते उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घरात पारा ४० च्या वर गेला की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा मानेवर आणि हातांवर ओलं फडकं फिरवणं कामी येतं, त्याला पेलाभर पाणी पुरतं.

साठवणीत दोन धोके. एक डासांचा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा लागतो, म्हणून प्रत्येक भांडं झाकलेलं हवं आणि आठवड्यातून एकदा रिकामं व्हायला हवं. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. कड घासायची. दुसरा धोका मोटरचा. हौद तळाला गेला की मोटर हवा ओढते, पंपातलं सील पाण्याशिवाय तापतं आणि जळतं. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असलेली झडप, तळापासून वीतभर वर हवा, म्हणजे गाळही येत नाही. पाणी गेलेलं असताना नळाची नळी बादलीत बुडलेली ठेवू नका. पाइपात पोकळी झाली की बादलीतलं घाण पाणी उलटं ओढलं जातं. पाणी परत आलं की खालचा नळ आधी सोडा, पहिली गढूळ बादली फरशीला घ्या, आणि गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत गीझरचं बटण दाबू नका.

हौद आटला की गाळ काढून घ्या, एरवी ते जमत नाही. पागोळ्या आणि पन्हळीही आताच साफ करा, ढग जमल्यावर नाही. छपराच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरची एक सर पडली तर ५०० लिटर येतात, सांडून-उडून ४०० तरी हाती लागतात. पहिल्या सरीचे ५० ते १०० लिटर धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतात, ते झाडांच्या आळ्यात सोडा. पाइपाचं तोंड टाकीकडे वळवायचं ते त्यानंतर, तोंडावर बारीक जाळी बांधून.