सात बेटांचा रँडम मॅप: सातव्या आवृत्तीपर्यंत

काल रात्री माझ्या मॅपची सातवी आवृत्ती पूर्ण झाली. गेमच्या मॅप एडिटरमध्ये लागोपाठ २० वेळा मॅप तयार करून बघितला आणि विसाच्या वीस वेळा चारही खेळाडूंना सोनं, दगड, बेरी सगळं मिळालं. मागची नोंद चौथ्या आवृत्तीपाशी थांबली होती, म्हणून मधलं सगळं आज सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गेम एज ऑफ एम्पायर्स २, म्हणजे गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा संगणकावरचा खेळ, २०१९ची डेफिनिटिव्ह एडिशन. त्यात रँडम मॅप म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. नकाशा आपण काढायचा नाही, नियम लिहायचे. प्रत्येक डावाला गेम त्या नियमांवरून नवी जमीन घडवतो. कमांडची नावं इथे देवनागरीत देतेय. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालूनच लिहावी लागतात.

मला करायची आहेत ती मुंबईची सात बेटं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पहिल्या तीन आवृत्त्यांत मी प्रत्येक बेटाची जागा टक्क्यांत मोजून ठरवून दिली होती. मॅप हुबेहूब दिसायचा. पण तिसऱ्या डावातच दादा म्हणाला, "अगं, परळ ज्याला मिळेल तो जिंकणार, हे मला सुरुवातीलाच कळतंय." त्याचं बरोबर होतं. जागा पक्क्या केल्या की रँडम उरतं फक्त झाडांत आणि मेंढ्यांत. चौथ्या आवृत्तीत जागा सोडून दिल्या, तर नुसती समुद्रातली सात बेटं उरली. तसे मॅप गेममध्ये आधीपासून आहेतच. त्यात मुंबई कुठेच नव्हती.

वाट सापडली ती बाबांमुळे. ते वर्षानुवर्षं मशीद बंदरला नोकरीला होते. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पायधुणीला पायधुणी का म्हणतात, ठाऊक आहे ना? खाडीच्या चिखलातून चालत आलेली माणसं तिथे पाय धुवायची." मी तिथून शेकडो वेळा गेलेय, आणि या मॅपच्या संदर्भात ते कधी डोक्यात आलंच नव्हतं. ही बेटं खोल समुद्राने तोडलेली नव्हतीच. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून भरतीचं पाणी आत शिरायचं, ओहोटीला मागे चिखल आणि गुडघाभर पाणी उरायचं. १७८४च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने तो मार्ग बंद झाला, १८४५मध्ये माहीमचा कॉजवे आला, आणि बेटं हळूहळू एकच जमीन झाली. म्हणजे मला बेटांचा आकार धरून ठेवायचा नव्हता. त्यांच्यामधलं चालून जाण्याजोगं पाणी धरायचं होतं.

गेममध्ये भरती-ओहोटी नाही. पण शॅलो नावाचा भूभाग आहे, त्यातून माणसं आणि घोडे चालत जातात, बोटीही जातात, घर किंवा बराक मात्र बांधता येत नाही. मी त्याला कायमची ओहोटी मानलं आणि पाचवी आवृत्ती त्याभोवती नव्याने लिहिली.

आता खरं काम. सातपैकी चार बेटं खेळाडूंची, तीन मोकळी. मॅप टाइलचा, म्हणजे छोट्या चौकोनांचा बनतो; चार खेळाडूंचा १६८ गुणिले १६८चा, म्हणजे २८,२२४ टाइल. खेळाडूंच्या जमिनीला ३२ टक्के दिले की ते चौघांत वाटले जातात, प्रत्येकी ८ टक्के, साधारण २,२५८ टाइल. मोकळ्या बेटांनाही हाच हिशोब लागेल असं धरून मी १२ टक्के लिहिले. तिथे वाटणी होत नाही! मोकळी जमीन घडवणाऱ्या क्रिएट लँड या कमांडमध्ये प्रत्येक बेट आपापले पूर्ण १२ टक्के घेतं. तीन बेटं ३६ टक्के खाऊन बसली आणि खाड्या जवळपास बुजल्या. आता तिथे ४ टक्के आहेत, प्रत्येकी सुमारे १,१२९ टाइल. बेटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाचा झोन, म्हणजे गट क्रमांक, वेगळा ठेवलाय, आणि दोन झोनमध्ये किती पाणी राखायचं ते अंतर ९ टाइल.

पायधुणीचा भाग फाइलच्या कनेक्शन विभागात येतो, म्हणजे जमिनी जोडण्याचे नियम असतात तिथे. क्रिएट कनेक्ट ऑल प्लेअर्स लँड लिहिलं की गेम प्रत्येक दोन खेळाडूंमध्ये सगळ्यात स्वस्त वाट शोधतो आणि त्या वाटेवरच्या पाण्याचं आपण सांगू ते करतो. माझ्याकडे पाण्याचं शॅलो. स्वस्त म्हणजे काय, तेही आपणच ठरवायचं: प्रत्येक भूभागाला चालण्याची किंमत द्यायची. पाणी आणि जमीन दोन्हींना १ दिला तेव्हा वाटा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आल्या, एका बेटावरून दुसऱ्यावर, मधे लांबच लांब उथळ पट्टा. पाण्याची किंमत १५ केली, तर वाट जमिनीला चिकटून जायला लागली. मधलं मोकळं बेट गाठायचं, ते पार करायचं, मग पुढची छोटी खाडी. माणूस ओहोटीला जसा कोरड्यातून कोरड्यात जाईल, तसंच. हे पहिल्यांदा मिनिमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सध्या किंमत ७ आहे. काही वाटा सरळ जातात, काही मोकळ्या बेटावरून वळसा घेतात, आणि कुठल्या घेतील ते आधी सांगता येत नाही.

खेळाडूंचीच नाही तर सगळी बेटं जोडणारं क्रिएट कनेक्ट ऑल लँड्स मुद्दाम वापरलं नाही. सात बेटांच्या २१ जोड्या होतात, सगळीकडे शॅलो पसरून बोटींना अर्थ उरत नाही. चौघांच्या ६ जोड्या पुरेशा आहेत. वाटेत न आलेलं मोकळं बेट बोटीनेच गाठायचं. त्यावर सोनं आणि रेलिक (मठात नेऊन ठेवला की सोनं देत राहणारा अवशेष) ठेवलेत.

सहाव्या आवृत्तीत उधाण आणि भांग आणले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच लांब मागेही जातं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ओहोटी तोकडी. म्हणून फाइलच्या सुरुवातीला स्टार्ट रँडममध्ये दोन शक्यता दिल्या. उधाण आलं तर शॅलोच्या पट्ट्याची त्रिज्या ४ टाइल, भांग आला तर २, दोन्हीत ती एखाद्या टाइलने कमी-जास्त होऊ शकते. भांगाच्या मॅपवर वाट एखाद्या ठिकाणी इतकी अरुंद होते की चार भालेवाले ती अडवून धरू शकतात. उधाणात तसा भरवसा नाही, भिंत लवकर घालावी लागते आणि तीही आपल्या किनाऱ्यावर, कारण शॅलोवर भिंतही बांधता येत नाही. एकाच फाइलमधून दोन वेगळे खेळ निघतात.

इथे एक चूक तीन दिवस छळत होती. २०पैकी ३ मॅपवर वाटाच नव्हत्या. मी कनेक्शन विभाग दहा वेळा वाचला, पण चूक वरच होती. भांगाला ६० टक्के, उधाणाला ३० लिहिले होते. बेरीज ९०. उरलेल्या १० टक्के वेळा दोन्हीपैकी काहीच निवडलं जात नाही आणि गेम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बेरीज १०० होतेय ना, ते बघत जा.

विभागांचा क्रम गेम स्वतःच्या मनाने घेतो: जमीन, चढ, कडे, भूभाग, कनेक्शन, शेवटी वस्तू. हे माहीत असूनही दोनदा अडले. टेकड्यांसाठी मूळ भूभाग म्हणून मी जे गवत लिहिलं होतं ते नंतरच्या भूभाग विभागात तयार होणार होतं, त्यामुळे एकही टेकडी उगवली नाही. मलबार हिलशिवाय मुंबई नको आणि गेममध्येही उंचावरून मारा २५ टक्के जास्त लागतो, म्हणून टेकडी हवीच होती. जमीन विभागातलंच नाव दिल्यावर त्या आल्या. दुसरी अडचण खारफुटीची. मला ती शॅलोच्या कडेला हवी होती, पण शॅलो तयार होतं कनेक्शनमध्ये, भूभागानंतर. मग भूभाग विभागातच किनाऱ्यालगत शॅलोचे छोटे तुकडे पाडले, त्यांवर खारफुटीचं जंगल, आणि कनेक्शनला सांगितलं की वाटेत खारफुटी आली तर ती कापून शॅलो कर. आता वाट झाडीतून बोळासारखी निघते. मॅपमधला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

सातव्या आवृत्तीत फक्त साधनसंपत्ती नीट केली. बेट गोल धरलं तर त्रिज्या जेमतेम २७ टाइल भरते, आणि मी दुसरं सोनं टाउन सेंटरपासून, म्हणजे खेळाडूच्या मुख्य इमारतीपासून, २४ ते ३० वर मागत होते. जागा मिळाली नाही की गेम ती वस्तू गुपचूप वगळतो. आता १६ ते २२ आहे. मुख्य सोनं ७ खाणींचं, दुसरं ४चं, दगड ५ आणि ४, रानडुकरं दोन. मेंढ्यांऐवजी शेळ्या, आणि मोकळ्या बेटांवर म्हशी.

रविवारी दादाबरोबर भांगाचा एक डाव झाला, तो डोंबिवलीतून, मी लालबागहून. समोरची वाट मी घट्ट अडवली होती. अठराव्या मिनिटाला त्याचे घोडेस्वार मागून, बेरीपाशी आले. डावानंतर तोच सीड, म्हणजे तोच मॅप पुन्हा घडवणारा आकडा, एडिटरमध्ये उघडला. वाट मोकळ्या बेटावरून वळसा घेऊन, खारफुटीच्या बोळातून माझ्या मागच्या किनाऱ्याला लागली होती, एका ठिकाणी फक्त ३ टाइल रुंद. दादाचा स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, तिथून सहाव्या मिनिटालाच जाऊन आला होता.

तो बोळ मी तसाच ठेवलाय. आठव्या आवृत्तीत उत्तरेला साष्टीचा मोठा तुकडा जोडायचाय, सहा खेळाडूंसाठी, २०० टाइलच्या मॅपवर. तिथे जोड्या १५ होतील, आणि पाण्याची किंमत पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागेल.