आपलंच तुणतुणं

आमच्या बँडमध्ये मी तुणतुणं वाजवतो. हे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते आता मला पाठ झालं आहे. ढोलकीच्या वाट्याला लावणी आली, संबळाच्या वाट्याला गोंधळ. तुणतुण्याच्या वाट्याला काय आलं, तर एक वाक्प्रचार, आणि तोही वैतागलेल्या माणसाचा. 'लावलं का परत तेच तुणतुणं!' बायको स्वयंपाकघरातून हे म्हणते तेव्हा ती वाक्प्रचार वापरते आहे की नुसती परिस्थिती सांगते आहे, हे ठरवणं अवघड जातं.

वाद्य म्हणाल तर लाकडाचं नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, बाजूने वर गेलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एक तार. संपलं. काखेत धरायचं आणि तार छेडत राहायचं. सूर एकच, त्यामुळे चुकायला जागा कमी. पण थांबायलाही जागा नाही. ढोलकीवाला तिहाई घेऊन घाम पुसतो, गाणारी पाणी पिते, हलगीवाला लोकांत ओळखीचं कोण आलंय ते बघून घेतो. मी आपला तुण तुण तुण.

आम्ही पाच जण. बँडला अजून वर्ष झालेलं नाही. नावावर एकमत नाही, त्यामुळे निवेदिका प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव घेते आणि आम्ही येईल त्या नावाला नमस्कार करतो. वाजवतो पुण्यातल्या पुण्यात. सोसायटीचा गणपती, कुणाची हळद, कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी, एखाद्या कॅफेतली शनिवारची संध्याकाळ. गणपतीत आमचा नंबर फॅन्सी ड्रेस आणि पाककलेचं बक्षीस यांच्या मधे असतो. एका ठिकाणी चार वर्षांची झाशीची राणी स्टेजवरून उतरेचना. शेवटी तिला ढोलकीशेजारी बसवून सुरुवात केली. त्या दिवशीचे सगळे फोटो तिचे आहेत, कडेला कुणाचा तरी कोपर आहे तो माझा.

बिदागी कधी पाकिटात, कधी फोनवर, कधी 'तुमचंही नाव होईल की' एवढ्यावर. पहिलं पाकीट १,००१ रुपयांचं होतं. पाच जणांत वाटल्यावर उरलेला एक रुपया कुणाचा, यावर रिक्षा स्टँडवर आमची पहिली आर्थिक बैठक झाली. तो मला मिळाला. एका तारेला एक रुपया.

गणपती म्हणजे भाद्रपद, आणि भाद्रपद म्हणजे ओल. ढोलकी नटबोल्टची असल्यामुळे पाना फिरवून चढवता येते. हलगीला मात्र शेकल्याशिवाय कंठ फुटत नाही. गावाकडे चार काटक्या पेटवल्या की काम होतं. इथे आम्ही पार्किंगमध्ये जुने पेपर पेटवले, आणि सेक्रेटरी काका लेंग्यावरच धावत आले, कारण शेजारीच त्यांची गाडी उभी होती. तेव्हापासून सामानात हेअर ड्रायर असतो. कॅफेत तर हलगी ओव्हनच्या दारासमोर धरतो, आत बिस्किटं, बाहेर हलगी. दिमडीचा तेवढा त्रास नाही. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्याने मढवत, आता घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आमच्या दिमडीला फायबरचं पान आहे. पावसात ते तसूभर उतरत नाही. हलगीवाला तिला दिमडी मानतच नाही, ताटली म्हणतो.

आमच्यात गोंधळ्याच्या घरातला एकच, संबळवाला. बाकी आम्ही हौशी. त्याने घरी सांगितलं की आम्हाला वीस मिनिटं मिळतात, तेव्हा वडिलांनी विचारलं, "वीस मिनिटांत देव जेजुरीहून निघतो तरी का रे?" त्यांच्या हिशेबाने गोंधळ रात्रभराचा. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, मग आख्यान, आणि आरतीला पहाट. आम्ही ते वीस मिनिटांत बसवतो, त्यातली चार निवेदिका खाते. त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी त्याने घरी काही सांगितलंच नाही.

मग एकदा मोठा कार्यक्रम मिळाला. मैदान, चारेकशे माणसं, माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर. साउंडवाल्याने सगळ्यांना माइक दिले, माझ्याकडे बघून जरा विचार केला आणि एक मलाही दिला. मी त्या दिवशी जीव तोडून वाजवलं. नंतर रेकॉर्डिंग आलं. कान लावून ऐकलं, हेडफोन घालून ऐकलं, बायकोला ऐकायला लावलं. तुणतुणं नाही. माझा माइक त्याने सुरूच केला नव्हता. याहून वाईट म्हणजे बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. गाणारी म्हणाली, "अरे, पण एकूण परिणाम छान होता." एकूण परिणाम!

तुणतुणं सोडावं असं तेव्हा वाटलं होतं. त्याच सुमारास नवरात्रात एका घरी बोलावणं आलं. चौथ्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमधले सोफे बेडरूममध्ये, सतरंजीवर वीसेक माणसं. दिवटी सोसायटीत चालणार नाही म्हणून समई. पाहुणे येईतो साडेनऊ झाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती रात्र त्यातली नव्हती. दहाला आम्ही छोटा स्पीकर बंद केला, गुडघे जवळ घेतले आणि हळू आवाजात तसंच पुढे सुरू ठेवलं.

संबळ बोटांनी, ढोलकी अंगाबाहेर न जाऊ देता. आणि मला अचानक माझी तार ऐकू यायला लागली. म्हणजे लोकांनाही येत असणार, या विचाराने घामच फुटला.

अडचण अशी की आमची गाणारी काळी चारमध्ये गाते आणि ढोलकीवाला काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या वेगळ्या पट्टीत, तिच्याहून खालच्या सुरात. तो गाणार असला की दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत मला खुंटी पिळून तार उतरवावी लागते, ती गाणार असली की चढवावी लागते. त्या रात्री चढवली, पण खुंटी सादळलेली, हळूहळू सरकत होती. माझ्या अगदी समोर घरातल्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कळंबकडच्या. डोळे मिटलेले, मला वाटलं डुलकी लागली असेल. त्यांनी डोळे न उघडता हात केला.

"बाळा, तार उतरलीय की रं तुझी."

एवढ्या महिन्यांत मला कुणी चूक दाखवली ती ही पहिली. चूक दाखवायला आधी ऐकावं लागतं! मी खुंटीला थुंकी लावून पिळली, तार चढवली. आजींनी मान हलवली.

देवांना बोलावणं झालं. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा. संबळवाला पुढच्या पदाकडे वळणार तोच आजी पुन्हा म्हणाल्या, "आन् आमची येडाई? येरमाळ्याची? तिला न्हाई व्हय बोलवायचं?" त्याने जीभ चावली, परत मागे आला, येडाईला बोलावलं. मग कोपऱ्यातल्या एका काकांनी मांढरदेवीची काळूबाई सांगितली. मग प्रत्येक जण आपापला देव सांगायला लागला आणि गोंधळ पाऊण तास जागेवरच थांबला. तेवढा वेळ मी एक सूर धरून होतो. हात भरून आला होता, पण कुणी 'बस्स करा' म्हणेपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं. कुणी म्हटलं नाही.

आता माझ्याकडे एक वही आहे. लोकांत जाऊन कुलदैवत विचारून यायचं काम माझं. नाहीतरी माझं सामान लावायला कितीसा वेळ लागतो. परवा कॅफेत एका पोराला विचारलं. तो गडबडला, म्हणाला, आम्ही तमिळ, आमचा देव पळणीचा मुरुगन, तो चालेल का? संबळवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "लांबून यायचाय, त्याला आधी बोलवू." वहीत येडाईच्या खाली लिहून घेतला. 'पळणीचा' मात्रेत बसेना, म्हणून ढोलकीवाल्याने तिथे एक ठेका वाढवला. त्या पोराने मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, पाठवतो म्हणालाय. त्यात तुणतुणं आहे का, ते अजून बघायचंय.