गंधाराची जागा

शनिवार, रात्री उशिरा. पर्वरी

सरावात आज दोनदा वीज गेली, तरी काम झालं. पुढच्या आठवड्यात आमच्या बँडला आसगावला वाजवायचंय आणि गिटारवाल्याचा हट्ट आहे की सगळं रॉकच हवं. "तुझं ते काऊबॉयचं रडगाणं नको." माझं वाद्य पेडल स्टील: आडवी ठेवलेली गिटार, तारांवर पोलादी बार फिरवायचा आणि पायातल्या पेडलने सूर वळवायचे. ते म्हटलं की लोकांना टोपीवाला, ट्रक आणि प्रेमभंग एवढंच आठवतं. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून सूर वळवलेला ऐकू आला, आणि कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलने या वाद्यावर शिक्का मारला तो मारलाच.

रॉकवाल्यांनी ते काही कमी वाजवलेलं नाही. लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बमवर जिमी पेज ते वाजवतो. 'टीच युअर चिल्ड्रन'मधलं स्टील जेरी गार्सियाचं, १९७० चं. पिंक फ्लॉइडच्या 'ब्रीद'मध्ये जे तरंगत राहतं ते गिल्मोरचं. आणि माझा लाडका स्नीकी पीट क्लाइनो! फ्लाइंग बरिटो ब्रदर्समध्ये तो स्टीलला फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून वाजवायचा, आणि एरवी सिनेमा-टीव्हीसाठी बाहुल्या इंच इंच हलवून ॲनिमेशन करायचा. दोन्ही कामांना सारखाच चिवटपणा लागत असणार.

पण ही नावं सांगून गिटारवाला ऐकत नाही. त्याला आवाज हवा. आणि खरं सांगायचं तर त्याची तक्रार अगदीच खोटी नाही. रॉकच्या गाण्यात स्टील घालणारे बरेचजण दोनच गोष्टी करतात: एक तर लीड गिटारची नक्कल, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब उसासा. नक्कल करायची तर गिटार आहेच की. आणि उसासे तिसऱ्या कडव्यापर्यंत नकोसे होतात.

मला आता वाटतं, या वाद्याची रॉकमधली जागा गंधाराची, म्हणजे सा-रे-ग मधल्या 'ग'ची आहे.

गिटारवाला डिस्टॉर्शन (फझसारखीच मुद्दाम आणलेली खरखर) लावून जो पॉवर कॉर्ड वाजवतो त्यात फक्त सा आणि प असतो. गंधार तो मुद्दाम गाळतो, कारण घातला की आवाज चिडतो. आपल्याकडे तंबोऱ्यातही सा-प असतातच, आणि खर्जाची तार नीट लागली की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू. तसाच तो पॉवर कॉर्डमध्येही दडलेला असतो. डिस्टॉर्शन त्याला आणखी वर काढतं. पण हा गंधार 'सा'पासून ३८६ सेंटवर (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतर), आणि गिटारच्या फ्रेटवरचा किंवा कीबोर्डवरचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. साध्या आवाजात तो खपून जातो, फझमध्ये मात्र दोन्ही गंधार एकमेकांच्या उरावर बसतात.

स्टीलला फ्रेटचं बंधन नाही. पडद्यांच्या रेघा नुसत्या नजरेसाठी, तारेवर पोलादी बार फिरतो. ई-नाइन्थ नावाच्या स्वरजुळणीत तिसरी आणि सहावी तार गंधाराची, आणि ती थोडी उतरवून लावायची हा स्टीलवाल्यांचा जुना रिवाज. मग बार कुठेही न्या, गंधार तसाच उतरलेला सोबत येतो आणि गिटारच्या सा-प वर अलगद बसतो. डाव्या पायाखालचं बी पेडल दाबलं की तोच गंधार मध्यमावर चढतो आणि सा मात्र जागचा हलत नाही. पेटीवर हे दोन सूर वाजतील, मधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येणार नाही. मींड सतारीवर येते.

बाबांना एकदा मोबाइलवर सरावाचं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. ते देवळातल्या भजनाला पेटीवर बसतात, आयुष्य त्यात गेलं. ऐकून म्हणाले, "गंधार उतरलाय रे तुझा." आत्या तिथंच भाजी निवडत होती, ती गाणं शिकलेली. म्हणाली, "दादा, त्याचा बरोबर लागलाय. चढलेली तुझी पेटी आहे." मग दोघांचं जुंपलं. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली ती बऱ्याच अंशी याच भांडणातून, मींड नाही आणि सूर बांधलेले म्हणून. आत्याने तेही काढलं. बाबा ताटावर बसेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

तर आज तेच करून पाहिलं. एका वेळी दोनच तारा, कारण तीन वाजवल्या की फझमध्ये चिखल. व्हॉल्यूम पेडल फझच्या आधी जोडलं, म्हणजे पाय मागे घेतला की आवाज स्वच्छ होतो, पुढे दाबला की खरखरतो. नंतर जोडलं तर नुसता लहानमोठा होतो, पोत तोच. गिटारवाल्याने सा-प धरला, मी वर गंधार ठेवला, मग हळूच मध्यम. तो थांबला आणि म्हणाला, "परत." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप. मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या गाण्यांत मात्र हात आवरायचा, तिथे शुद्ध गंधार घुसवला तर गाण्याचा जीवच जातो.

नंतर तिसरी तार तुटलीच. सगळ्यात पातळ, अकरा हजारांश इंचाची, सर्वांत वरच्या सुराची, वर गोव्याची दमट हवा. बरं हे की साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या अकरा नंबरच्या सेटमधली पहिली तार तिथे चालते, पणजीत मिळते. उद्या दोन सेट आणायचे.

आता अडचण कीबोर्डवाल्याची. तो डाव्या हाताने भरघोस तीन सुरांचा कॉर्ड देतो, ४०० सेंटच्या गंधारासकट. त्याला म्हटलं, मधलं बोट उचल. म्हणाला, "मग माझ्याकडे उरलं काय?" सुरुवातीच्या दोन गाण्यांपुरता कबूल झालाय. बाकीच्यांचं सोमवारी बघू, तेही बासवाल्यासमोर, कारण कीबोर्डवाला त्याचं ऐकतो.