जिमनी 40 मिलिमीटरने वर घेताना: माझा अनुभव

गाडी लिफ्ट करायची, म्हणजे उंच स्प्रिंग घालून वर उचलायची म्हटलं की लोक लगेच विचारतात, "किती इंच? दोन की तीन?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. त्याआधीचे प्रश्न सोडवण्यात माझा पावसाळा गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे पाच दरवाजांची मारुती जिमनी आहे. सोमवार ते शुक्रवार ती कोथरूडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला जाते. आईला दवाखान्यात नेणं, बाजारहाट सगळं हिच्यावरच. सुट्टीला पाबे घाटातून वेल्ह्याकडे, पुढे कच्च्या वाटेने शेतावर. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे शेतावरच्या दोन किलोमीटरसाठी रोजच्या प्रवासाचे हाल करायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं.

पहिलं काम केलं ते म्हणजे ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी पिटवर घेतली आणि टॉर्च लावून खालून पाहिली. कुठे घासलंय? हे पाहिल्याशिवाय लिफ्टचा विचारच करू नये. कारण जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारे सलग आडवे दांडे आहेत. डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा गोळा त्या एक्सलवर, आणि एक्सल टायरच्या जोरावर उभा. कंपनी जो 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची मोकळी उंची) सांगते तो या गोळ्यापाशीच अडतो. स्प्रिंग उंच घातली की चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. तुमच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या असतील आणि मधल्या उंचवट्याला गोळा घासत असेल, तर तीन इंचांची लिफ्टही तिथे एक मिलिमीटर देत नाही.

माझ्या गाडीचे गोळे जवळपास स्वच्छ होते. ओरखडे होते पोटावर: ट्रान्सफर केसखालच्या (चारही चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या गिअरपेटीखालच्या) आडव्या पट्टीवर आणि मागचा आर्म, म्हणजे एक्सलला चासीशी जोडणारा दांडा, चासीला जिथे धरतो त्या ब्रॅकेटवर. याचं कारण गाडीच्या लांबीत आहे. तीन दरवाजांच्या जिमनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2,250 मिमी, आपल्याकडच्या पाच दरवाजांच्या जिमनीचा 2,590. मधलं अंतर वाढलं की बांध ओलांडताना पोट टेकतं. ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, 24 अंशांचा आहे, आणि शेताकडे वळताना एक बांध त्याहून उभा आहे. म्हणजे माझा आजार लिफ्टने बरा होणारा होता.

टायर मोठे घालून काम होईल का, तेही तपासलं. मूळ टायर 195/80 आर15, व्यास साधारण 693 मिमी. 215/75 आर15 घातला तर व्यास 703 च्या आसपास, म्हणजे गोळ्याखाली फक्त 5 मिमी वाढतात. 235/75 घातला तर 20 मिमी मिळतात, पण मग गिअरिंग जवळजवळ सहा टक्क्यांनी लांबतं, स्पीडोमीटर तेवढाच कमी वेग दाखवतो, आणि दीड लिटरच्या इंजिनाला 134 न्यूटन मीटर टॉर्कवर पाबे घाट चढायचा असतो. मी मूळ मापच ठेवलं.

आता किट, म्हणजे लिफ्टसाठीच्या सुट्या भागांचा संच. सगळ्यात स्वस्त पर्याय स्पेसरचा: मूळ स्प्रिंगवर जाड चकती बसवायची. गॅरेजवाले सांगतात, "दादा, अर्ध्या दिवसात काम होतं." होतंही. पण शॉकअप जुनेच, जुन्याच लांबीचे. गाडी 40 मिमी वर गेली की शॉकअप उभ्या जागीच 40 मिमीच्या आसपास उघडलेला असतो, आणि चाकाला खाली जायला तेवढी जागा कमी उरते. खड्ड्यात चाक खाली सुटलं की शॉकअप टोकाला आपटतो. कच्च्या वाटेवर चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून तर हा सगळा खटाटोप, मग ते चाकच लवकर हवेत जाणार असेल तर उंची कशाला? त्यामुळे स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप एकत्रच घ्यायचे, हे पक्कं केलं.

स्प्रिंग निवडताना मला सर्वात उपयोगी पडला तो ट्रकचा वजनकाटा. चाकण भागात ते पावलोपावली आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. रोज असतं तेवढंच सामान आत ठेवून. गाडीचं स्वतःचं वजन सुमारे 1,200 किलो. चांगल्या किटमध्ये वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंग येतात: मोकळ्या गाडीसाठी, लोखंडी बंपर-विंच असलेल्यांसाठी, मागे कायम ओझं असणाऱ्यांसाठी. विक्रेते बहुतेक वेळा जड स्प्रिंग सुचवतात, कारण ती गाडी उंच दाखवते. मोकळ्या गाडीला जड स्प्रिंग लावली तर मोशीचा प्रत्येक स्पीडब्रेकर पाठीत बसतो आणि ओल्या वळणावर टायरची पकड सुटते. मी पुढे-मागे दोन्हीकडे हलक्या वजनाची, 40 मिमी उंचीची स्प्रिंग घेतली.

50 का नाही? जिमनीचा पुढचा एक्सल चासीला जोडलेल्या दोन आर्मवर असतो. चासी वर गेली की एक्सल किंचित फिरतो आणि कास्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कास्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भरकटल्यासारखी चालते. उंची जितकी जास्त, तितका हा त्रास जास्त. म्हणून किट बसवण्याआधी अलाइनमेंटचा कागद काढून ठेवला, बसवल्यावर पुन्हा काढला, आणि कास्टर दुरुस्तीचे बुश (आर्मच्या जोडावरचे रबरी भाग) त्याच वेळी टाकले. दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची, म्हणजे एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची. गाडी वर गेली की हा रॉड एक्सलला थोडं एका बाजूला ओढतो. फेंडरच्या कडेला गवंड्याचा ओळंबा लावून दोन्हीकडचं अंतर मोजलं आणि ॲडजस्ट होणाऱ्या रॉडने एक्सल मध्यावर आणला. ब्रेकच्या होजला (रबरी नळीला) चाक पूर्ण खाली लटकवूनही ढील राहते ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहिलं.

कायद्याची बाजू टाळू नका. मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. स्प्रिंग बदलणं यात नेमकं कुठे बसतं, यावर गॅरेजवाल्याचं "काही होत नाही साहेब" हे उत्तर मला पुरेसं नव्हतं. विमा कंपनीला कामाआधी ईमेल केला, किटचा तपशील जोडला आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच गाडी कामाला लावली. सस्पेन्शनच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, हेही मान्य केलं. मूळ स्प्रिंग, शॉकअप गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहेत.

आईचा प्रश्न वेगळा होता: "अरे, पाय कुठे ठेवू?" तिच्या गुडघ्याला 40 मिमीसुद्धा जाणवतात. बाजूला पायरी बसवली, पण नळीची, चासीला धरलेली आणि बॉडीच्या फार खाली न लोंबणारी. नाहीतर बांधावर पोटाऐवजी पायरी घासली असती.

गाडी आता घाटात आधीपेक्षा थोडी जास्त कलते. वळणाआधी वेग कमी करायची सवय लावून घेतली आहे, आणि घरातल्या जो कोणी चालवेल त्यालाही तेच सांगतो. बांधावर पोट टेकत नाही.

किट बसवणार असाल तर फिटरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊनच कसा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि हेडलाइटचा झोत खाली आणून घ्या, कारण पुढचा भाग उचलला गेला की समोरच्याच्या डोळ्यांवर थेट उजेड पडतो. हजारेक किलोमीटरनंतर स्प्रिंग जरा बसतात, तेव्हा बोल्ट, अलाइनमेंट आणि झोत तिन्ही पुन्हा तपासा.